कोठीचें दार

आमच्या लहानपणीं गांवच्या घरांत माजघराला लागून एक कोठीची खोली होती. तिची किल्ली आजीच्या कमरेला असे. दिवसांतून दहा वेळां कोणीतरी दाणे, गूळ, तेल किंवा लोणचें मागावयास येई, आणि दहाहि वेळां आजी हातांतलें काम टाकून उठे, कुलूप काढी, मागितलेली वस्तु देई व पुनः कुलूप घाली. हा खटाटोप पाहून आम्हांस आमच्या बालबुद्धीप्रमाणें वाटे कीं, ही म्हातारी पहांटेसच एकदां दार उघडून मोकळी कां होत नाहीं? सारा दिवस सुखानें जाईल! या प्रश्नाचें उत्तर आम्हांस वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं मिळालें; आणि तें ज्यानें दिलें तो कोणी गृहशास्त्राचा पंडित नसून आमच्या मेजावरचा संगणक होता, हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे, आणि ती सांगतांना आमची थोडी फजीति झाली तरी ती सांगणें आमच्या मुलाला आम्ही लागतों.

आमचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. यंत्रांविषयीं आमचें ज्ञान तीं चालूं असलीं म्हणजे वापरावीं आणि बंद पडलीं म्हणजे मुलाला बोलवावें, इतकेंच. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत तो बंगळुराहून घरीं आला, तेव्हां त्यानें आमच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिलें आणि पुस्तकांच्या कपाटावर एक लहानशी काळी पेटी आणून ठेवली. या पेटींत दोन तबकड्या आहेत. ती कोणा एका यंत्राला जोडलेली नसून घरांतल्या नेटवर्कला जोडलेली असते. त्यामुळें घरांतील कोणीहि आपापल्या यंत्रावरून तिच्यांत वस्तु ठेवावी आणि तिच्यांतून काढावी. छायाचित्रें, कागदपत्रें, आमच्या व्याख्यानांचीं टिपणें, सारें तिच्यांत जाऊं लागलें. रोज मध्यरात्रीं ती आपल्यांतील सर्व ऐवजाची एक प्रत आपण होऊन दुसऱ्या तबकडीवर उतरवीत असे. मुलानें तिचें कांहीं इंग्रजी नांव ठेविलें होतें. आम्ही पहिल्या दिवसापासून तिला कोठीच म्हणूं लागलों.

ही कोठी आमच्या यंत्राला कशी जोडली जाते, हें समजून घेण्याची उत्सुकता मात्र आम्हांस होती. लिनक्स हें १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्यानें सुरू केलें खरें, पण त्याची घडण युनिक्सच्या वळणाची आहे. युनिक्सच्या राज्यांत सर्व कप्पे मिळून एकच वृक्ष असतो. बाहेरची तबकडी आणली तरी तिला वेगळें घर मिळत नाहीं. तिला याच वृक्षावर कोठें तरी बसवावें लागतें. या क्रियेला माउंट म्हणतात. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९७४ सालीं युनिक्सचें वर्णन करणारा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत या क्रियेचा परिणाम सांगतांना, झाडाचें एक पान जाऊन त्या जागीं एक संपूर्ण नवी शाखा येते, अशा आशयाचें विवेचन आहे. तें वाचतांच आम्हांस कोंकणांतील आंब्याचीं कलमें आठवलीं. रायवळ खुंटावर हापूसची फांदी बांधावी, तसें आपल्या यंत्रांतील एका रिकाम्या कप्प्यावर दूरच्या पेटींतील सर्व भांडार आणून बांधावयाचें. कप्पा आपल्या घरांतला, फळें दुसरीकडचीं. आणि खाणाऱ्याला जोड कोठें आहे तें दिसत देखील नाहीं.

दूरची तबकडी अशा रीतीनें जवळची भासविण्याची विद्या १९८० च्या दशकांत वाढीस लागली. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९८४ च्या सुमारास तिची एक पद्धति बांधली. दुसऱ्या पद्धतीचा इतिहास आम्हां भाषाशिक्षकांस अधिक गोड वाटेल असा आहे. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल नांवाचा एक संशोधक विद्यार्थी होता. १९९१ च्या अखेरीस त्याला आपल्या लहान संगणकावरून युनिक्सच्या मोठ्या यंत्रावरील फाइली वापरावयाच्या होत्या. त्या यंत्रांची आपसांतील बोली त्याला ठाऊक नव्हती. तेव्हां त्यानें मधल्या तारेला कान लावला. एका यंत्रानें काय विचारलें आणि दुसऱ्यानें काय उत्तर दिलें, हें टिपून घेतलें आणि तेवढ्यावरून ती बोली शिकून घेतली. फ्रान्समधील एखाद्या उपाहारगृहांत बसून, गिऱ्हाइक काय मागतें आणि वाढपी काय आणून देतो, हें पाहत पाहत फ्रेंच शिकावी, अशी उपमा त्यानें स्वतःच या रीतीला दिली आहे. पुढें आपल्या कृतीला नांव देण्याची वेळ आली, तेव्हां एस, एम आणि बी हीं तीन अक्षरें ज्यांत त्याच क्रमानें येतात असे शब्द त्यानें यंत्रांतल्या शब्दसूचींतून शोधून काढले, आणि त्यांतून एका ब्राझिली नृत्याचें नांव निवडलें. तोच हा सांबा. आमच्यासारख्या असंख्य घरांतील पेट्यांत बसून आलेल्याला दार उघडण्याचें काम तो आज करीत असतो.

आतां आमच्या कथेकडे वळूं. प्रथम प्रथम आम्ही रोज सकाळीं फाइलींची खिडकी उघडून कोठीच्या नांवावर टिचकी मारीत असूं, परवलीचा शब्द लिहीत असूं, आणि मग कोठी उघडे. आठवड्याभरांतच या नित्यनेमाचा आम्हांस कंटाळा आला. ज्या यंत्राला सहस्र गोष्टी आपोआप करतां येतात, त्याला ही एवढी एक कां येऊं नये? आम्हीं मुलाकडे तक्रार केली. त्यानें तेथूनच आमच्या यंत्रांत शिरून एफस्टॅब नांवाच्या फाइलींत एक ओळ लिहून दिली. या ओळींत सहा रकाने असतात: कोठली तबकडी, कोणत्या कप्प्यावर बसवावयाची, तिची जात कोणती, अटी कोणत्या, इत्यादि. यंत्र सुरू होतांना ही फाइल वाचतें आणि सांगितलेल्या सर्व जोडण्या स्वतःच करतें. दुसऱ्या दिवसापासून आम्ही यंत्र उघडावें आणि कोठी उघडलेली असावी, असें रामराज्य सुरू झालें. आजीला जें सुचलें नव्हतें तें आम्हांस साधलें, अशी घमेंड आम्हांस त्या दिवसांत थोडी चढली होती, हें कबूल केलें पाहिजे.

या रामराज्यांत एकच न्यून होतें. कधीं कोठी बंद असली म्हणजे यंत्र सुरू होतांना मध्येंच थांबे. काळ्या पडद्यावर, अमुक एक काम चालूं आहे, अशी ओळ दिसे आणि दीड मिनिटापर्यंत सेकंद मोजले जात. दीड मिनिट म्हणजे कांहीं मोठा काळ नव्हे. लोकलची वाट पाहण्यांत ज्यानें आपल्या तारुण्याचा एक हिस्सा घालविला, त्याला दीड मिनिटाचें काय? पण यंत्रापुढें बसलेल्या मनुष्याचा धीर फार लवकर सुटतो. आम्हीं एका पुस्तकांत पाहिलें, तों अटींच्या रकान्यांत नोफेल एवढा शब्द घातला असतां यंत्र खोळंबत नाहीं, जोडणी होवो न होवो तें पुढें जातें, असें आढळलें. मुलाला न विचारतां आम्हीं स्वहस्तें तो शब्द घातला. खोळंबा गेला. आपण एक यंत्रविद्येचें कार्य केलें म्हणून आम्हीं त्या दिवशीं दोन वेळां चहा घेतला.

गेल्या वर्षीं आषाढांत आम्हीं आमच्या आईच्या वह्या बाहेर काढल्या. आईला जाऊन तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं. तिच्या तीन वह्या आमच्याजवळ आहेत. त्यांत तिनें शिसपेनीनें कांहीं ओव्या लिहून ठेवल्या आहेत. मधूनच लोणच्याचें प्रमाण, दुधाचा हिशेब, कोणाच्या मुंजींत काय आहेर केला तें, आणि आम्हां भावंडांच्या जन्माचे वार व वेळा. अमेरिकेंत असलेल्या आमच्या अक्काला त्या वह्या पाहावयाच्या होत्या. टपालानें पाठवाव्या अशी त्यांची अवस्था राहिली नव्हती. म्हणून पानापानाची प्रतिमा घेऊन ती कोठींत ठेवावी, म्हणजे सर्वांस पाहतां येईल, असें ठरलें. रोज महाविद्यालयांतून आल्यावर आम्ही पंचवीसएक पानें करीत असूं. कागद इतका जीर्ण होता कीं, कांहीं पानें काचेवर ठेवतांनाच दुमडीवर तुटलीं. एका पानाचा तर उचलतां उचलतां भुगा झाला. परंतु त्याची प्रतिमा तोंपर्यंत घेऊन झाली होती, म्हणून आम्हीं मनाचें समाधान करून घेतलें. नऊ दिवसांत २१२ पानें झालीं.

नवव्या दिवशीं दुपारीं पावसाच्या सरीबरोबर वीज गेली. संध्याकाळीं ती आल्यावर बऱ्याच वेळानें आम्हीं यंत्र सुरू केलें आणि कोठी उघडली. जुनें सर्व जागच्या जागीं होतें. छायाचित्रें होतीं, टिपणें होतीं. ‘आईच्या वह्या’ या नांवाचा कप्पा मात्र नव्हता. आम्हीं पुनःपुनः पाहिलें. शोधयंत्राला शोधावयास लावलें. मध्यरात्रीं होणाऱ्या प्रतींत पाहिलें. तेथें आदल्या दिवसाची प्रत होती, तिच्या आदल्या दिवसाची होती, पण त्यांपैकीं एकींतहि वह्यांचा मागमूस नव्हता. जणूं तें काम आम्हीं केलेंच नव्हतें. मेजावर उघड्या पडलेल्या वहीकडे आणि बशींत जपून ठेवलेल्या त्या भुग्याकडे पाहून आमच्या पोटांत धस्स झालें.

अशा प्रसंगीं मनुष्य जें करतो तेंच आम्हीं केलें. आम्हीं दोष देण्यासाठीं मनुष्य शोधला. रात्रीं साडेदहाला मुलाला फोन लावला आणि जें बोलूं नये तें बोललों. तुझ्या या फुकटच्या यंत्रानें माझ्या आईच्या वह्या खाल्ल्या, तुझ्यावर विसंबलों हीच चूक झाली, असा आमच्या भाषणाचा मथितार्थ होता. आमची वाणी वर्गांत पन्नास मिनिटें चालण्याची संवय असलेली. ती लवकर थांबली नाहीं. तो ऐकत राहिला. आम्ही दमल्यावर तो म्हणाला, “बाबा, पेटींत कांहींच आलेलें नाहीं, म्हणजे पेटीनें कांहीं खाल्लेलें नाहीं. आतां मी सांगतों तेवढें करा. जोडलेली कोठी सोडवा, आणि मग त्याच कप्प्यांत पाहा.”

आम्हीं त्यानें सांगितलेली आज्ञा लिहिली. क्षणार्धांत कप्प्यांतून सारी छायाचित्रें, सारीं टिपणें दिसेनाशीं झालीं, आणि त्या रिकाम्या व्हावयाच्या कप्प्यांत एकच वस्तु उरली: ‘आईच्या वह्या’. उघडून मोजलीं. २१२ पानें होतीं. भुगा झालेलें पानहि होतें.

वाचकहो, हा चमत्कार नव्हता. घडलें तें असें. वह्यांचें काम सुरू करण्याच्या सकाळीं वीज जाऊन आली होती. वीज येतांच आमचा संगणक व कपाटावरची पेटी हीं दोन्हीं एकदमच जागीं झालीं. पण संगणक अर्ध्या मिनिटांत तोंड धुऊन तयार, आणि पेटीला आपल्या तबकड्या तपासून उठावयास चार-पांच मिनिटें लागतात. यंत्रानें ओळ वाचली, कोठीचें दार ठोठावलें, आंतून उत्तर आलें नाहीं, आणि आम्हींच घातलेल्या त्या शब्दाला मान देऊन तें निमूटपणें पुढें गेलें. पुनः ठोठावण्याची त्याला आज्ञा नव्हती. राहतां राहिला तो आमच्या यंत्रांतला मूळचा रिकामा कप्पा, ज्यावर कोठी बसावयाची होती. प्रतिमा घेणाऱ्या कार्यक्रमाला आम्हीं त्याच्याच नांवाचा पत्ता लिहून दिला. त्यानें तेथें नवा कप्पा केला आणि नऊ दिवस त्यांत तो पानें टाकीत राहिला. रात्रीं आम्ही यंत्र बंद न करतां नुसतें निजवीत असूं, म्हणून या नऊ दिवसांत ती ओळ पुनः वाचली गेली नाहीं. शेवटीं दुसऱ्यांदा वीज गेली, आम्हीं यंत्र उशीरा लावलें, या वेळीं कोठी जागी होती, जोडणी यथासांग झाली, आणि हापूसच्या फांदीखालीं खुंट झांकला जावा तशीं आमचीं २१२ पानें तिच्याखालीं झांकलीं गेलीं. नष्ट कांहींच झालें नव्हतें. पण कोठींत गेलेंहि कांहीं नव्हतें. आणि त्या नऊ दिवसांत आमची एक तबकडी बिघडली असती तर आईचें तें पान जगांत कोठेंच उरलें नसतें.

हें सर्व मुलानें शांतपणें समजावून दिलें. मग त्यानें विचारलें, “पण बाबा, त्या ओळींत नोफेल हा शब्द कोणीं घातला? मीं तो घातला नव्हता.” आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं. आमच्या सौभाग्यवती शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, सांगा त्याला, तुम्हींच घातलात म्हणून. त्या दिवशीं दोन वेळां चहा झाला होता, माझ्या लक्षांत आहे.”

आम्हीं मुलाची क्षमा मागितली. बाप मुलाची क्षमा मागतो तेव्हां दोघांनाहि संकोच होतो. म्हणून त्यानें तो विषय लगेच यंत्राकडे वळविला, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे अधिकच ऋणी आहों. त्यानें त्या रात्रीं तीन गोष्टी केल्या. वह्यांचा कप्पा प्रथम सुरक्षित बाजूला काढून, कोठी जोडून, तिच्यांत नेऊन ठेविला. नंतर तो मूळचा रिकामा कप्पा त्यानें असा बंद केला कीं, कोठी जोडलेली नसतांना कोणीं त्यांत कांहीं टाकूं म्हटलें तर यंत्रानें साफ नकार द्यावा. आणि शेवटीं त्यानें ती ओळच बदलली. आतां यंत्र पहांटे दार उघडून ठेवीत नाहीं. तें दाराशीं केवळ एक पहारेकरी बसवितें. आम्ही कोठींत डोकावूं लागलों कीं त्याच क्षणीं तो जाऊन जोडणी करतो, आणि दहा मिनिटें कोणी कांहीं मागितलें नाहीं तर सोडून टाकतो. पेटी निजलेली असली तर तो तसें सांगतो. तिच्याऐवजीं दुसरेंच मडकें पुढें करीत नाहीं. ही युक्तीहि नवी नव्हे. सनच्या यंत्रांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच ती होती. परवलीचा शब्दहि आतां त्या ओळींत नाहीं, कारण एफस्टॅब ही फाइल यंत्रावरील कोणालाहि वाचतां येते. तो वेगळ्या फाइलींत आहे आणि ती फाइल एकट्या मुख्याधिकाऱ्यालाच उघडते. किल्ली खुंटीला न टांगतां कमरेला ठेवावी, तसेंच हें.

त्यानंतर कित्येक दिवस आम्ही या प्रकाराचा विचार करीत होतों. आपोआप होणाऱ्या गोष्टींचा आम्हांस तिटकारा नाहीं. आपोआप होणाऱ्या गोष्टींनीं माणसाचे श्रम वांचतात, आणि वांचलेले श्रम चांगल्या कामीं लागूं शकतात. परंतु श्रम वांचविणें निराळें आणि सूचना दडपणें निराळें. ते दीड मिनिट आम्हांस खोळंबा वाटलें. वस्तुतः तें यंत्राचें आमच्याशीं बोलणें होतें. कोठी उठलेली नाहीं, एवढेंच तें आम्हांस आपल्या परीनें सांगत होतें. आम्हीं त्याचें बोलणें बंद केलें आणि शांतता झाली म्हणून आनंद मानला. घरांत, संस्थेंत, फार काय स्वतःच्या प्रकृतीच्या बाबतींतहि, कुरकुर करणाऱ्याचें तोंड बांधून आम्हीं किती वेळां अशीच शांतता विकत घेतली असेल, याचा हिशेब आम्हीं त्या निमित्तानें करून पाहिला. तो येथें देत नाहीं. बंद दारामुळें मनुष्य अडतो, पण फसत नाहीं. मनुष्य फसतो तो त्या रिकाम्या कप्प्यामुळें, जो कोठीचें नांव लावून बसतो आणि आणाल तें मुकाट्यानें घेत राहतो.

आजी पहांटेस एकदां दार उघडून मोकळी कां होत नसे, तें आतां आम्हांस कळतें. मागणाऱ्याबरोबर तिचीं पावलें कोठीपर्यंत जात. दार खरोखर उघडलें कीं नाहीं, आंत काय आहे, काय सरत आलें, हें प्रत्येक वेळीं तिच्या डोळ्यांखालून जाई. दहा वेळां उठणें हा तिचा खोळंबा नव्हता. तीच तिची देखरेख होती.

अक्कानें वह्या पाहिल्या. पहाटे तीनला तिचा फोन आला. तिकडे तेव्हां दुपार होती. तिला बोलतां येत नव्हतें, आणि आम्हींहि फारसें कांहीं विचारलें नाहीं. भुगा झालेल्या पानावर तिच्याच जन्माचा वार आणि वेळ लिहिलेली होती.

तें पान आम्ही अजून मधूनमधून उघडतों. कोठी निजलेली नसेल तर तें येतें, पण एकदम येत नाहीं. टिचकी मारल्यावर क्षणभर कांहींच होत नाहीं. तेवढ्या वेळांत पहारेकरी उठतो, दाराशीं जातो, आंतला कोण तें विचारून घेतो. पूर्वीं या क्षणाला आम्ही खोळंबा म्हटलें असतें. आतां त्या क्षणांत माजघरांतून कोणीतरी हातांतलें काम टाकून उठल्याचा आणि कमरेच्या किल्ल्या वाजल्याचा आम्हांस भास होतो, आणि आम्ही स्वस्थपणें वाट पाहतों.